गाडी जर्मनीची, घाट कॉकेशसचा

तिबिलिसी शहरात टॅक्सीत बसलं की आधी समोरच्या डॅशबोर्डकडे बघावं. गाडी कुठल्या मुलखातून आली ते तिथे लगेच कळतं. वेग मैलांत दिसत असेल तर ती अमेरिकेची. स्टिअरिंग उजव्या हाताला असेल आणि गाडी सुरू होताच एखादी बाई गोड आवाजात जपानी बोलायला लागली, तर ती जपानची. (टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच ती बिचारी सांगत असते. त्या कार्डाचा जॉर्जियात काडीचाही उपयोग नाही!) आणि काट्यांच्या मधल्या छोट्याशा पडद्यावर एकाला एक जोडलेले, आगगाडीच्या डब्यांसारखे लांबच लांब शब्द उमटले की खुशाल समजावं, ही जर्मनीची.

जॉर्जिया हा काळ्या समुद्राच्या काठचा, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला लहानसा देश. वस्ती साधारण ३७ लाख, म्हणजे मुंबईच्या एक तृतीयांशही नाही. १९९१ साली तो सोव्हिएत संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाला. आपल्याकडे अलीकडे त्याचं नाव घरोघरी ऐकू येतं ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींमुळे. तिबिलिसीत इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलं आहेत, त्यांत मराठी मुलंही पुष्कळ. आमची लेक त्यांतलीच एक, तिसऱ्या वर्षाला. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिला भेटायला म्हणून दहा दिवस गेलो.

पाहण्यासारखं तिथे खूप आहे. गंधकाच्या गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत, म्त्क्वारी नदीवरचे पूल आहेत, कड्यावर बसलेली जुनी देवळं आहेत. पण मला आज सांगायचंय ते त्या डॅशबोर्डवरच्या जर्मन शब्दांबद्दल. मोटारीच्या यंत्रात हिला काय कळतंय, असं तुमच्या मनात येईल. यंत्रातलं नाहीच कळत. पण न कळणाऱ्या भाषेत कुणी आपल्याला काही बजावत असेल तर काय करायचं, हा प्रश्न काही यंत्राचा नव्हे.

सासरी आलेल्या गाड्या

तिबिलिसीहून पंचवीसेक किलोमीटरवर रुस्तावी नावाचं गाव आहे. सोव्हिएत काळात पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं. आज ते प्रसिद्ध आहे जुन्या मोटारींच्या बाजारासाठी. आपल्याकडे गुरांचा बाजार भरतो ना, तसा हा मोटारींचा! नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. काही बोटीने पोती बंदरात उतरलेल्या, काही युरोपातून थेट रस्त्याने आणलेल्या. इथून त्या पुढे आर्मेनिया, अझरबैजान, कझाकस्तानपर्यंत जातात. वापरलेल्या गाड्या आणून पुढे विकणं हा या देशाचा एक मोठा धंदाच आहे. अलीकडे अमेरिकेच्या लिलावातून आलेल्या गाड्या जास्त दिसतात. पण वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या जर्मन गाड्यांवर टॅक्सीवाल्यांचा अजून फार जीव.

या गाड्या आल्या खऱ्या, पण बोलतात मात्र माहेरची भाषा. त्याचं कारण साधं आहे. पडद्यावरचे शब्द गाडीच्या आतल्या यंत्रात कारखान्यातच भरलेले असतात. फार जुन्या गाडीत ते बदलताच येत नाहीत. त्यानंतरच्या गाड्यांत बदलता येतात, पण ते बदलायचं बटण कुठे, हेही जर्मनमध्येच लिहिलेलं! आधी ‘आइनश्टेलुंगेन’ म्हणजे ‘जुळवणी’ शोधायची, मग त्यात ‘श्प्राखे’ म्हणजे ‘भाषा’ शोधायची. तिथवर पोचलात तर पुढे इंग्रजी, फ्रेंच, इटालियन अशा मोठ्या मोठ्या भाषा मिळतात. ३७ लाखांच्या देशाची भाषा त्यांत कुठून असणार? मग टॅक्सीवाला म्हणतो, जर्मन काय नि फ्रेंच काय, आपल्याला दोन्ही सारखीच. राहू दे आहे ते.

लेकीने दहावीनंतर पुण्यात जर्मनचे वर्ग केले होते. पुढे जमलं तर जर्मनीत डॉक्टरकी करायची असं तिच्या मनात आहे, आणि त्यासाठी तिथली भाषा परीक्षा देऊन यावी लागते. त्यामुळे टॅक्सीत बसलं की तिचा अभ्यास सुरू. पुढच्या सीटवर बसायची आणि पडद्यावर उमटेल ते मोठ्याने वाचून आम्हांला अर्थ सांगायची.

‘बिट्टे टांकेन’, म्हणजे कृपया तेल भरा. किती सभ्य गाडी, कृपया म्हणते! ‘वाशवासर नाखफ्युलेन’, म्हणजे पुढची काच धुण्याचं पाणी संपलंय, भरा. ‘ओलश्टांट प्र्यूफेन’, म्हणजे तेलाची पातळी बघा. ‘कोफरराउम ऑफेन’, डिकी उघडी आहे. एका गाडीत तर सबंध वेळ ‘वेर्कश्टाट आउफझूखेन’ असं झळकत होतं, म्हणजे चक्क ‘वर्कशॉप गाठा’. शेजारी चालकाने मेरीमातेचं लहानसं चित्र लावलं होतं. ते बघून हे म्हणाले, “वर्कशॉपऐवजी देवावरच भिस्त दिसतेय.”

पुरी आणि मामा

जॉर्जियन ही भाषा मोठी अजब. ती जर्मनची कुणी नव्हे, रशियनची नव्हे, आपल्या संस्कृतचीही नव्हे. तिचं कूळच वेगळं. तिची लिपी तेहेतीस अक्षरांची, सगळी अक्षरं कशी जिलेबीच्या वळणाची. पाटी वाचायला जावं तर हलवायाच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.

पण कानाला अधूनमधून भलतीच ओळख लागते. पाव म्हणजे ‘पुरी’. पनीर भरलेला पाव तो ‘खाचापुरी’. आई म्हणजे ‘देदा’, आणि वडील म्हणजे, हसू नका, ‘मामा’! लेकीच्या घरमालकिणीची नात आपल्या वडिलांना “मामा, मामा” म्हणून हाका मारत आली तेव्हा माझी चांगलीच तारांबळ उडाली.

आणि या भाषेत जर्मन शब्द मोटारींच्या कितीतरी आधी येऊन राहिले आहेत. ‘बुटरब्रोदी’ हा जर्मनमधल्या लोणी-पावाच्या शब्दावरून आलेला. गळ्यातल्या टायला ‘हालस्तुखी’ म्हणतात, तो जर्मनमधल्या गळपट्ट्याच्या शब्दावरून. रस्त्यावरच्या आडव्या दांड्याला ‘श्लागबाउमी’ म्हणतात, तोही जर्मनच. हे शब्द रशियनच्या वाटेने आले. कुणाला ते परके वाटत नाहीत. भाषेतही असंच असतं, दोन पिढ्या राहिलं की पाहुणा घरचा होतो.

शब्दच नव्हे, जर्मन माणसंही इथे येऊन राहिली होती. ते मला अगोदर ठाऊक नव्हतं. लेकीने एका रविवारी मुद्दाम नेऊन दाखवलं.

कॅथरिनाचं गाव

तिबिलिसीच्या नैर्ऋत्येला बोल्निसी नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव कॅथरिनेनफेल्ड, म्हणजे कॅथरिनाचं शेत. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग मुलखातून निघालेल्या शेतकरी कुटुंबांनी १८१८ च्या सुमारास ते वसवलं. त्या काळी तिकडे मोठा दुष्काळ पडला होता, शिवाय धर्माच्या बाबतीत त्यांचं आणि तिथल्या चर्चचं पटत नव्हतं. पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन ती माणसं डॅन्यूब नदीतून होड्यांनी निघाली. वाटेत रोगराईने कितीतरी जण दगावले. उरलेले पोचले आणि त्यांनी इथे द्राक्षमळे लावले.

आणि कॅथरिना कोण? तर व्युर्टेम्बर्गची राणी. माहेर तिचं रशियाचं, झार अलेक्झांडरची ती सख्खी बहीण. म्हणजे सासरचे लोक अन्नाला महाग झाले नि भावाच्या राज्यात येऊन राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या गावाला नाव दिलं ते या माहेर-सासर जोडणाऱ्या बाईचं. १८१९ साली ऐन तिशीत ती वारली.

जवळच असुरेती नावाचं दुसरं गाव आहे, त्याचं जुनं नाव एलिझाबेथताल. तिथे अजून लाकडी चौकटींची, उतरत्या छपरांची, मोठमोठी तळघरं असलेली घरं उभी आहेत. काही कुणी हौसेने दुरुस्त केलीत, काहींच्या सज्ज्यांना टेकू दिलेत. गावाबाहेर टेकाडावर स्मशान आहे. दगडांवर जर्मन अक्षरं. लेक एकेक नाव वाचत होती. अमकी, जन्म इथला, मृत्यू इथला. तमकीचा जन्म तिकडचा.

पण सव्वाशे वर्षांनी त्या सगळ्यावर पाणी फिरलं. १९४१ साली हिटलरने रशियावर स्वारी केली. स्टालिनला आपल्याच देशातले जर्मन वंशाचे लोक शत्रू वाटू लागले. त्याच ऑक्टोबरात या गावांतल्या माणसांना घरं सोडायला लावून आगगाडीत घातलं आणि दूर कझाकस्तानकडे पाठवून दिलं. पाच पिढ्या इथे गेल्या होत्या, पण भाषा जर्मन, एवढा गुन्हा पुरला. ज्या जर्मन मुली जॉर्जियन घरांत लग्न करून गेल्या होत्या त्यांना मात्र राहू दिलं. माहेर सगळं गाडीत बसून निघून गेलं आणि सासर तेवढं उरलं. त्या बायका पुढे घरात कुठली भाषा बोलल्या असतील? अंगाईगीत कुठल्या भाषेत म्हटलं असेल?

आता गंमत ऐका. व्युर्टेम्बर्गची राजधानी म्हणजे श्टुटगार्ट, आणि श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज मोटारींचं गाव. ज्या मुलखातून दोनशे वर्षांपूर्वी माणसं होड्यांत बसून आली, त्याच मुलखातून आता जुन्या मोटारी येतात. माणसांची भाषा आगगाडीत घालून हाकलली. मोटारींची भाषा डॅशबोर्डवर बसून आहे, ती कुणाला टोचत नाही. कारण कुणी ती वाचतच नाही.

घाटातला पिवळा दिवा

तिबिलिसीहून उत्तरेकडे रशियाच्या सरहद्दीला जाणारा रस्ता आहे, त्याला लष्करी रस्ता म्हणतात. झारच्या फौजांसाठी बांधलेला. आज त्यावरून प्रवासी जातात, आणि रशियाकडे निघालेल्या मालमोटारींच्या रांगाच्या रांगा. तिबिलिसीपासून स्तेपान्त्स्मिंदा गावापर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. मधे ज्वारी खिंड लागते, उंची सुमारे २,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि समोरून येणारे अठरा चाकी ट्रक.

आम्ही दिवसभरासाठी टॅक्सी केली. चालक पन्नाशीचा, भारदस्त मिशीचा, बोलायला मोठा गोड. गाडी जर्मन बनावटीची, वीस वर्षांची तरी असेल, पण आतून लख्ख पुसलेली. लेक नेहमीप्रमाणे पुढे बसली. झिनवालीचं धरण मागे पडलं, निळंशार पाणी, काठावर पिवळी झालेली झाडं. अनानुरीच्या किल्ल्याकडे उतार लागला, चालकाने ब्रेक दाबला, आणि डॅशबोर्डवर टिंग् असा आवाज होऊन पिवळा दिवा लागला. एक वर्तुळ, दोन्ही बाजूंना तुटक तुटक कंस. खाली शब्द उमटले, ‘ब्रेम्सबेलेगे प्र्यूफेन’.

लेक वळून म्हणाली, “आई, ब्रेकचे पॅड तपासा म्हणतेय.”

हे म्हणाले, “अगं, तो वीस वर्षं या घाटात गाडी चालवतोय. त्याला काय तू शिकवणार? त्याच्या कामात बोलू नये.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. पुरुषांच्या कामात बोलू नये. आणि यांचंही अगदीच चुकलं असं नाही. त्या माणसाच्या हातात आमचा जीव होता, त्याचा हात वळणावर कसा स्थिर होता ते दिसत होतं. परक्या देशात, वडील माणसाला, त्याच्याच गाडीबद्दल वीस वर्षांच्या पोरीने काय सांगायचं? तेवढ्यात दिवा विझला. पुढच्या उतारावर पुन्हा लागला. चालकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी लेकीला म्हटलं, “सांग त्याला. रागावला तर रागावला.”

आता प्रश्न भाषेचा. त्याला इंग्रजी चार शब्द यायचे, जर्मन मुळीच नाही. लेकीला जॉर्जियन येतं ते रुग्णांशी बोलण्यापुरतं. वैद्यकीयच्या परदेशी मुलांना तेवढं शिकवतात, कारण दवाखान्यात खाटेवरची आजी काही इंग्रजीत कण्हत नाही. ‘रा ग्तकिवात?’ म्हणजे तुम्हांला काय दुखतंय, हे पहिलं वाक्य. ब्रेकला ‘मुख्रुची’ म्हणतात हे तिने फोनवरच्या शब्दकोशात बघितलं. मग दिव्याकडे बोट दाखवून ती चालकाला म्हणाली, “बातोनो, मांकानास मुख्रुची स्तकिवा.” म्हणजे, दादा, गाडीचा ब्रेक दुखतोय!

तो मोठ्याने हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने विचारलं, “तुला कसं कळलं?” तिने शब्दांवर बोट ठेवून एकेक वाचून दाखवलं. ‘ब्रेम्से’ म्हणजे मुख्रुची. ‘प्र्यूफेन’ म्हणजे बघा, तपासा. तो सांगू लागला, की तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, हिच्यात काही ना काही लिहून येतच असतं, लक्ष देऊ नका. आणि खरंच येत होतं. काच धुण्याच्या पाण्याचं येई, दाराचं येई, मागच्या दिव्याचं येई. आले तसे गेले, गाडी चालत राहिली. म्हणून हेही त्यातलंच एक.

त्याच्या बोलण्यात मला काही खोट दिसली नाही. आपल्या घरी फ्रिज रोज घरघरतो, आपण तो आवाज ऐकतो का? नव्याने आलेली सूनच विचारते, “आई, हा आवाज कसला?” रोज दिसतं ते दिसेनासं होतं, तसंच हे. वर्षातून एकदा होणारी सरकारी तपासणी आहे तिथे. २००४ साली ती बंद केली होती, २०१९ पासून खाजगी गाड्यांनाही पुन्हा सक्तीची झाली. पण तपासणी वर्षातून एक दिवस, आणि ब्रेक झिजतात रोज घाट उतरताना.

पुढे पासानाउरी गाव लागतं. तिथे दोन नद्यांचा संगम आहे, एकीचं पाणी काळसर, एकीचं पांढुरकं, बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात आणि मग मिसळतात. रस्त्याकडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये मेकॅनिक होता. चालकाने गाडी तिथे घातली, जॅक लावला, चाक काढलं. बाहेरचा पॅड बघून मेकॅनिकने मान हलवली, ठीक आहे. मग आतल्या बाजूचा काढला आणि काही न बोलता आमच्या चालकाच्या हातावर ठेवला. लोखंडी पट्टीवर झिजायचा जो जाड थर असतो, तो पापडाएवढाही उरला नव्हता. त्या थरात बारीक तार पुरलेली असते. थर झिजत झिजत तारेपर्यंत आला की तार घासली जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. एवढीच त्या पिवळ्या दिव्याची कहाणी. थर पूर्ण संपला तर लोखंडावर लोखंड घासतं, तबकडी तापते आणि ऐन उतारावर ब्रेक हवा तसा लागत नाही.

चालक पॅड उलटसुलट करून बराच वेळ बघत होता. मग त्याने वर रस्त्याकडे पाहिलं. खिंड अजून पुढे होती, आणि परत यायचं ते सगळं उतारानेच.

नवा पॅड दुसऱ्या गावाहून टॅक्सीवाल्याकरवी यायचा होता, दीड तास लागणार होता. तोवर आम्ही शेजारच्या खानावळीत बसलो. पासानाउरी प्रसिद्ध आहे ‘खिंकाली’साठी. डोळे मिटून सांगते, अगदी आपला उकडीचा मोदक! तशाच कळ्या, तसंच वर टोक. फक्त गव्हाच्या पिठाचे आणि आत खिमा. आमच्यासाठी बटाट्याचे आणि चीजचे केले. टोकाला धरून खायचे आणि टोक बशीत ठेवायचं, शेवटी टोकं मोजली की किती खाल्ले ते कळतं. मी आतल्या बाईला खुणेने विचारलं, कळ्या किती? तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली, पुन्हा दाखवली. वीस एक तरी हव्यात म्हणे. आमच्याकडेही सासवा अशाच मोजायच्या, हे तिला कुठल्या भाषेत सांगू?

चालकही येऊन बसला. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि लेकीपुढे ठेवली. म्हणाला, “सगळे शब्द लिहून दे. जर्मन कसे दिसतात तसे, आणि पुढे आमच्या भाषेत.” मग दोघांची शिकवणी सुरू झाली. ती जर्मन शब्द लिही, हातवारे करून अर्थ सांगे, तो जिलेबीच्या अक्षरांत पुढे जॉर्जियन शब्द लिही. गाडीतलं थंड करायचं पाणी समजावताना तिने कपाळाला हात लावून ताप आल्याची खूण केली. तेल कमी झाल्याची खूण करताना नाडी बघितली. हे मघापासून गप्प होते. शेवटी वहीत डोकावून म्हणाले, “लाल दिव्यांचे शब्द वेगळ्या पानावर लिहा. ते आधी सापडले पाहिजेत.” आणि स्वतः पेन घेऊन रेघ आखून दिली.

खिंडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाऱ्याने कान दुखत होते. पडद्यावर बर्फाचं लहानसं फूल उमटलं, बाहेरचं तापमान चार अंशांवर आलं की ते येतं. रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत बर्फ असू शकतो, अशी ती सूचना. हे फूल मात्र चालकाला वाचून दाखवावं लागलं नाही. त्याने आपणहून गिअर खाली घेतला आणि गाडी सावकाश नेली. चित्राला भाषा लागत नाही. उतरून आम्ही काझबेग शिखर पाहिलं, पाच हजार मीटरहून उंच, पांढरं शुभ्र. आणि त्याच्यापुढे टेकडीवर गेर्गेतीचं दगडी चर्च, देव्हाऱ्यातल्या टाकाएवढं.

परतीच्या उतारावर मी डॅशबोर्डकडे बघत होते. पिवळा दिवा लागला नाही.

गाडीत बसताना

आता थोडं आपल्या उपयोगाचं. गाडी आपण चालवत असू वा नसू, या चार खुणा प्रत्येकीला ठाऊक असाव्यात. जगभरच्या गाड्यांत त्या साधारण सारख्याच असतात.

रंग आधी बघावा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून ताबडतोब थांबा. टोकाला थेंब असलेल्या तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करायचं. इंजिनाला तेलाचा दाब मिळत नाहीये. पाण्यात उभ्या थर्मामीटरचं चित्र लाल झालं तर इंजिन तापलंय. अशा वेळी पाण्याचं झाकण उघडू नये, वाफेने भरलेला कुकर आपण उघडतो का? वर्तुळात उद्गारचिन्ह असेल तर एक तर हँडब्रेक ओढलेला राहिलाय, नाही तर ब्रेकचं तेल कमी झालंय. आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असतील, तर ती पासानाउरीची गोष्ट.

आणखी एक. किल्ली फिरवली की सुरू होण्याआधी बहुतेक दिवे क्षणभर लागतात आणि मग विझतात. ती गाडीची स्वतःची हजेरी असते. जुनी गाडी विकत घेताना हे मुद्दाम बघावं. एखादा दिवा लागलाच नाही तर तो बिघडलाय, नाही तर कुणी मुद्दाम काढून ठेवलाय. घरातल्या एखाद्या माणसाने तक्रारच करायचं सोडून दिलं, तर आपण त्याला सुखी समजतो का?

लेकीचं शेवटचं वर्ष यायला अजून अवकाश आहे. पुढे ती जर्मनीत जाईल की परत येईल, ते तिचं तिला ठरवू दे. पण त्या दिवसानंतर तिच्या शिक्षणाची मला वाटणारी काळजी थोडी कमी झाली, एवढं खरं. दुखणं ज्याचं असतं त्याला ते नेहमीच सांगता येतं असं नाही. कधी ते भलत्याच भाषेत उमटतं. ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचावं, समोरचा हसला तरी चालेल.